नागपुरात बसून प्रवाळ बेटांचा बदलता आकार कसा मोजावा

लक्षद्वीपचं एखादं बेट गेल्या काही दशकांत वाढलं की घटलं, हे नागपुरातल्या कॉलेजच्या संगणकावर बसून काढता येतं. उपग्रहचित्रं बहुतेक फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. किनाऱ्याची रेघ मारून क्षेत्रफळ काढणं हे एका दुपारचं काम. वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. हाती आलेला आकडा खरोखर बेटाचा आहे, की भरती-ओहोटीचा, नारळांच्या सावलीचा किंवा दोन चित्रं नीट न जुळल्याचा, हे ठरवावं लागतं. म्हणून खाली कुठलं बटण दाबायचं यापेक्षा कुठे फसायला होतं यावर जास्त भर दिला आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. ‘बेट किती हेक्टरने वाढलं?’ हा प्रश्न अर्धाच आहे. प्रवाळ बेट एका अंगाने झिजतं आणि दुसऱ्या अंगाने भरतं. क्षेत्रफळ जिथल्या तिथे राहूनही बेट जागेवरून सरकलेलं असू शकतं. त्यामुळे कुठली बाजू गेली, कुठली आली आणि कोणत्या काळात, असं तिन्ही सांगणारं उत्तर द्यायचं असं आधीच ठरवून कामाला लागा.

बेट कशाचं बनलंय ते आधी पक्कं करा

विद्यार्थ्यांच्या अहवालांत दोन वेगळे काळ हमखास एकात एक मिसळलेले दिसतात. डार्विनने १८४२ मध्ये मांडलेली कल्पना ॲटॉलची, म्हणजे कंकणाकृती प्रवाळभित्तीची आहे. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या कडेचं प्रवाळ वर वाढत राहतं आणि शेवटी मधे फक्त उथळ पाणी उरतं. ही लाखो वर्षांची गोष्ट. प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक ॲटॉलवर १९५२ साली बोअर मारले, तेव्हा १,२०० मीटरपेक्षा खोल गेल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचं म्हणणं खरं ठरलं. आपण मोजणार आहोत ते मात्र या भित्तीच्या माथ्यावर साचलेलं वाळू-गोट्यांचं बेट. ते गेल्या काही हजार वर्षांतलं आहे आणि त्याचा आकार एका पावसाळ्यातही बदलतो. अहवालाच्या प्रस्तावनेत डार्विन आला तर हरकत नाही, पण १९८५ ते २०२५ मधला बदल समजावताना त्याचा उपयोग नाही.

कन्हानची वाळू सातपुड्याचे खडक झिजून खाली आलेली आहे. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले तर जवळजवळ काहीच होत नाही. प्रवाळ बेटाची वाळू मात्र फसफसते, कारण ती सगळी चुन्याची, म्हणजे जिवंत प्राण्यांनी आणि शैवालांनी बनवलेली असते. तिच्यात मोडलेल्या प्रवाळाचे तुकडे असतात, शिंपल्यांचा चुरा असतो, फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्मजीवांची कवचं असतात आणि हॅलिमेडा या चुनखडी शैवालाचे पापुद्रे असतात. पोपटमासा प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडून खातो आणि बारीक वाळू बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटाच्या भित्तीवर केलेल्या मोजणीत नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू या माशांची निघाली. (प्रयोगासाठी म्हणून लक्षद्वीपहून प्रवाळाचे तुकडे आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. प्रात्यक्षिकाला शिंपल्याचा चुरा चालतो.)

वाळूचा कारखाना बेटाभोवतीच चालू आहे, हे लक्षात आलं की आकार का बदलतो याची तीन कारणं आपोआप समोर येतात. पुरवठा कमी-जास्त होतो. लाटांची दिशा बदलते. आणि माणूस मधे काहीतरी बांधतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं. याचा परिणाम किनाऱ्यावर लगेच दिसत नाही. मेलेलं प्रवाळ मोडून आधी काही वर्षं उलट जास्तच भरड मिळू शकते, पुरवठा आटतो तो नंतर. म्हणून २०१६ चं पांढरं पडणं आणि २०१७ ची झीज यांची सरळ गाठ मारू नका. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळही तिथूनच गेलं होतं.

लाटांचं काम असं चालतं. खोल समुद्रातून आलेली लाट भित्तीच्या कडेवर फुटते, उरलेली ताकद घेऊन उथळ माथ्यावरून पुढे जाते आणि बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालते. वळसा घालून आलेल्या लाटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे जोर संपतो आणि वाळू टेकते. वाऱ्याची दिशा फिरली की ही भेटीची जागा सरकते आणि वाळूही तिच्यामागे जाते. लक्षद्वीपला जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे आणि नंतर ईशान्येकडचे, त्यामुळे वाळूची ही ये-जा दरवर्षी होते. लक्षद्वीपची बहुतेक बेटं आपापल्या ॲटॉलच्या पूर्व कडेवर आहेत आणि लगून, म्हणजे आतलं उथळ पाणी, पश्चिमेला आहे. पावसाळी लाटांचा मार आधी लगूनच्या पश्चिमेकडची भित्ती खाते आणि मग उरलेला बेटापर्यंत पोचतो. आंद्रोतला असं लगून नाही. म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी आंद्रोत आणि कवरत्ती यांची तुलना करायला जाऊ नका.

बेट निवडणं

पहिलं बेट १० हेक्टरपेक्षा लहान घ्या. २०१९ मध्ये ३० ॲटॉलवरच्या ७०९ बेटांचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यात ८८.६ टक्के बेटं स्थिर किंवा वाढलेली निघाली, ११.४ टक्के घटलेली, आणि १० हेक्टरपेक्षा मोठं एकही बेट घटलेलं आढळलं नाही. लहान बेटांत हालचाल मोठी असते, म्हणून शिकायला तीच बरी.

बंगारम ॲटॉल त्यासाठी सोयीचं आहे. एकाच लगूनमध्ये बंगारम, तिन्नकरा आणि परळीची चिमुकली बेटं आहेत, बांधकाम कमी आणि पाणी नितळ. परळी-१ हे बेट १९६८ साली ०.०३२ चौरस किलोमीटर होतं. ते पूर्ण झिजून पाण्याखाली गेल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. ही बातमी बहुतेकांनी ऐकलेली असते आणि तिच्यावरून ‘लक्षद्वीप बुडतंय’ असं शीर्षक देण्याचा मोह होतो. परळी-१ हे ३.२ हेक्टरचं बेट होतं, एवढंच त्यावरून सांगता येतं. शेजारच्या बेटांचं काय झालं ते त्या-त्या बेटावर रेघ मारूनच कळेल.

माणसाच्या बांधकामाचा परिणाम पाहायचा असेल तर दुसरं बेट कवरत्ती किंवा अगत्ती घ्या. जेट्टी, टेट्रापॉड (लाटा अडवणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे), धूपप्रतिबंधक भिंती, सगळं तिथे सापडतं.

चित्रं कुठून आणि कोणती

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रं यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ चा, पिक्सेल ३० मीटरचा. आता हिशेब करा. बेट ८० मीटर रुंद असेल तर रुंदीत तीन पिक्सेलसुद्धा बसत नाहीत, आणि कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा वाळू, अर्धा पाणी. अशा बेटाच्या कडेतला १० मीटरचा बदल लँडसॅटवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. ५०० मीटरहून रुंद बेटालाच ते वापरा. लँडसॅट-७ च्या ३१ मे २००३ नंतरच्या चित्रांत काळ्या पट्ट्या आहेत. त्या भरून काढणाऱ्या युक्त्या किनारारेषेच्या कामात वापरू नका, भरलेला भाग म्हणजे बनवलेला भाग.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा पिक्सेल १० मीटरचा. २०१५ च्या मध्यापासूनची चित्रं आहेत आणि २०१७ पासून दर पाच दिवसांनी एक येतं. ती कोपर्निकस ब्राउझरवर मिळतात. ऋतूनुसार होणारी हालचाल पाहायला याहून चांगलं फुकटात काही नाही.

गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची बारीक चित्रं घड्याळाच्या चिन्हाखाली सापडतात. चित्र बाहेर काढून क्यूजीआयएसमध्ये बसवण्यापेक्षा तिथेच बहुभुज, म्हणजे बेटाच्या कडेची बंद रेघ, काढा आणि केएमएल फाइल म्हणून जतन करा, एक चूक कमी होते. पण तिथेही वेगवेगळ्या तारखांची चित्रं एकमेकांवर बरोबर बसलेली नसतात, काही मीटर सरकलेली असतात. हे पुढे दुरुस्त करू.

१९६० च्या दशकातली अमेरिकी कोरोना हेरगिरी उपग्रहाची चित्रंही अर्थएक्सप्लोररवर आहेत. शेवटच्या मालिकेतल्या कॅमेऱ्याची सूक्ष्मता दोन मीटरच्या आसपास आहे. आधीच स्कॅन झालेली फ्रेम फुकट मिळते, न झालेलीला शुल्क पडतं. तुमच्या बेटावर ढग नसलेली फ्रेम सापडली तर ती सोडू नका, पन्नास वर्षांहून जुनी सुरुवात हाती येते.

जुन्या टोपोशीटवरून किनारा उचलणं मात्र टाळा. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. तीन हेक्टरच्या बेटाला हा नकाशा चालणार नाही.

तारखा निवडताना डिसेंबर ते मार्च या काळातली चित्रं घ्या. ढग कमी असतात आणि समुद्र शांत असतो. एका वर्षीचा जानेवारी आणि दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर अशी जोडी लावलीत तर हाती येईल तो मोसमाचा फरक, वर्षांचा नाही. एप्रिल ते ऑगस्ट सूर्य डोक्यावर असल्याने पाण्यावर चकाकी येते आणि उथळ पाणी वाळूसारखं पांढरं दिसतं. ही चित्रं सरळ बाजूला काढा.

दोनच तारखांवर कधीही निष्कर्ष काढू नका. कमीत कमी पाच घ्या. दोन तारखांच्या मधे वादळ आलं, बेट झिजलं आणि पुन्हा भरलं, तर दोन चित्रांत काहीच घडलेलं दिसत नाही.

आधी तोतलाडोहवर हात साफ करा

लक्षद्वीपला हात लावण्याआधी एक सराव करा. पेंचच्या तोतलाडोह जलाशयाची ऑक्टोबरातली आणि मे महिन्यातली सेंटिनेल चित्रं घ्या आणि पाण्याबाहेर दिसणाऱ्या उंचवट्यांची क्षेत्रफळं काढा. मे महिन्यात ‘बेटं’ फुगलेली दिसतील, काही नवी उगवलेली दिसतील, काही काठाला जोडलेली. तिथली माती जागची हललेली नाही, फक्त पाणी उतरलंय. समुद्रात हाच खेळ दिवसातून दोनदा होतो. पाण्याची कड म्हणजे बेटाची कड नव्हे, हे इथे एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सराव झाल्यावर नवा प्रकल्प उघडा, जुनाच पुढे नेऊ नका. नागपूर आणि तोतलाडोह यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४४ उत्तर या पट्ट्यात येतात, क्यूजीआयएसमध्ये निवडायचा संकेतांक ईपीएसजी ३२६४४. बंगारम, कवरत्ती, मिनिकॉय हे ४३ उत्तरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. पट्टा चुकला तरी क्यूजीआयएस मुकाट्याने नकाशा दाखवत राहतं, अंतरं मात्र टक्काभर आणि क्षेत्रफळं दोनेक टक्क्यांनी बिघडू शकतात. तुम्ही ज्या बदलाच्या मागे आहात तोही कदाचित तेवढाच असतो.

कोणती कड धरायची

दोन कडा धरा आणि दोन वेगळ्या थरांत ठेवा.

पहिली झाडोऱ्याची कड, म्हणजे कायमची झुडपं आणि नारळ जिथे संपतात ती रेघ. भरती-ओहोटीचा तिच्यावर परिणाम नाही, मोसमाचा कमी. दशकांचा बदल सांगायचा तर हीच. दुसरी पुळणीचा पायथा, म्हणजे वाळूचा उतार संपून भित्तीचा सपाट माथा सुरू होतो ती जागा. नितळ पाण्यात ती पाण्याखालीही रंगाच्या फरकावरून दिसते. मोसमी सरक दाखवायला ही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी पाण्याची ओली रेघ असते, आणि नवखा माणूस नेमकी तीच काढतो, कारण ती सर्वांत ठळक असते. ती काढायची नाही.

किती फरक पडतो पाहा. लक्षद्वीपला मोठ्या भरतीलाही पाण्याचा चढउतार साधारण दीड मीटरच्या आत असतो. समजा दोन चित्रांच्या वेळी पाण्याच्या पातळीत ०.८ मीटर फरक होता आणि पुळणीचा उतार आठास एक आहे. पाण्याची रेघ ०.८ गुणिले ८, म्हणजे ६.४ मीटर सरकलेली दिसेल. सेंटिनेल-२ लक्षद्वीपवरून सकाळी सव्वाअकराच्या सुमारास जातो. चित्राच्या माहितीत वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. त्या वेळची पातळी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांवरून काढा आणि प्रत्येक तारखेपुढे लिहून ठेवा, झाडोऱ्याची कड वापरत असाल तरी.

झाडोऱ्याच्या कडेलाही दोन खोडी आहेत. किनाऱ्यावरचे नारळ समुद्राकडे कलतात, त्यांच्या झावळ्या पुळणीवर येतात आणि जमिनीची कड झाकतात. खोड जिथे जमिनीत जातं तिथली रेघ हवी, झावळीच्या टोकाची नको. आणि सकाळच्या चित्रात सावली पश्चिमेकडे पडते, हिवाळ्यात वायव्येकडे. म्हणजे बेटाची पश्चिम कड नेहमी थोडी जास्त रुंद वाटते. गडद हिरवं आणि गडद काळं यांतला फरक ओळखता येईपर्यंत चित्र मोठं करून पाहा.

रेघ काढताना

१. क्यूजीआयएसमध्ये प्रकल्पाची प्रक्षेपणपद्धत ईपीएसजी ३२६४३ ठेवा आणि सगळी चित्रं त्याच पद्धतीत आणा.

२. सर्वांत नवं आणि सर्वांत स्वच्छ चित्र आधार माना. इतर चित्रं त्याच्यावर बसवा. त्यासाठी ८ ते १२ स्थिर खुणा लागतात: जेट्टीचा मुळाकडचा कोपरा, दीपस्तंभाचा पाया, पक्क्या इमारतीचा कोपरा. निर्जन बेटावर यातलं काही नसतं. तिथे लगूनमधले मोठे प्रवाळाचे गोळे, भित्तीच्या बाहेरच्या कडेवरच्या खाचा आणि बीचरॉकचे (घट्ट होऊन खडक झालेल्या वाळूचे) कोपरे धरा. खुणा बेटाच्या चारही बाजूंना हव्यात. सगळ्या एकाच बाजूला घेतल्या की दुसरी बाजू फिरते. झाडं आणि वाळूचे दांडे खूण म्हणून कधीच घेऊ नका.

३. अर्धा-एक मीटर सूक्ष्मतेच्या चित्रावर १:५०० ते १:१,००० मोजपट्टी कायम ठेवून रेघ काढा. मधेच आत-बाहेर झूम केलं की हाताचा नेम बदलतो. वळणावर दर पाचेक मीटरला बिंदू, सरळ भागात कमी चालतील.

४. सगळ्या तारखांच्या रेघा एकाच व्यक्तीने काढाव्यात. गटात काम वाटायचं तर बेटं वाटा, तारखा वाटू नका.

५. एका चित्रावरची रेघ वेगवेगळ्या दिवशी तीनदा काढा, आधीची लपवून. तिन्हींमधलं सरासरी अंतर ही तुमच्या हाताची चूक. ती लागणार आहे.

सेंटिनेलवर हाताने रेघ काढण्यापेक्षा निर्देशांक वापरा. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हिरवा पट्टा बी-३ आणि निकट-अवरक्त पट्टा बी-८ घ्या. बी-३ मधून बी-८ वजा करा आणि उत्तराला दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर शून्याच्या वर ते पाणी, खाली ती जमीन. शून्य ही फक्त सुरुवात, वेगवेगळ्या चित्रांत उंबरठा थोडा वर-खाली करावा लागतो. कोणत्या तारखेला किती ठेवला ते लिहून ठेवा. झाडोऱ्यासाठी बी-८ आणि लाल बी-४ तसेच वापरा, ०.३ च्या वर झाडोरा धरून बघा. निकट-अवरक्त किरण पाण्यात फार खोल जात नाहीत, म्हणून पांढऱ्या तळाच्या उथळ लगूनमध्येही ही पद्धत टिकते. ती फसते लाटांच्या फेसावर, ओल्या वाळूवर, ओहोटीत उघड्या पडलेल्या समुद्री गवतावर आणि ढगांच्या सावलीत. जमिनीचा पिवळट तुकडा बेटापासून सुटा, लगूनच्या मधोमध दिसला तर आधी ढग आहे का ते पाहा.

चूक किती, हे आधी. बदल किती, हे नंतर

प्रत्येक चित्राच्या चुका वेगवेगळ्या मोजून त्यांच्या वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. समजा नव्या चित्रात पिक्सेल ०.६ मीटर, जोडणीची (चित्र आधारचित्रावर बसवण्यातली) चूक २ मीटर, हाताची चूक १.५ मीटर. वर्ग ०.३६, ४ आणि २.२५, बेरीज ६.६१, वर्गमूळ सुमारे २.६ मीटर. जुन्या कोरोना चित्रात २, ४ आणि ३ मीटर धरले तर वर्गांची बेरीज २९, वर्गमूळ सुमारे ५.४ मीटर. दोन्ही मिळून ३५.६१ चं वर्गमूळ, जवळजवळ ६ मीटर. याचा अर्थ, सहा मीटरपेक्षा कमी सरक दिसली तर तिथे ‘बदल आढळला नाही’ असंच लिहायचं. चार मीटरची झीज कितीही खरी वाटली तरी.

क्षेत्रफळाचं गणित याहून कडक आहे. ३०० मीटर लांब, ८० मीटर रुंद बेट घ्या: २.४ हेक्टर, परिघ ७६० मीटर. रेघ सगळीकडे तीन मीटर बाहेर पडली, तर २,२८० चौरस मीटर वाढले, म्हणजे साडेनऊ टक्के. तीच तीन मीटरची चूक ३ किलोमीटर लांब आणि ६०० मीटर रुंद बेटावर फक्त १.२ टक्के होते. बरेच अभ्यासक तीन टक्क्यांच्या आतला बदल ‘स्थिर’ मानतात. लहान बेटाला ती मर्यादा तशीच लावू नका, स्वतःच्या चुकीवरून मर्यादा ठरवा.

यात एक बारकावा आहे. अख्खं चित्र पाच मीटर पश्चिमेला सरकलेलं असेल तर क्षेत्रफळ तंतोतंत बरोबर येतं, पण पूर्व बाजू झिजलेली आणि पश्चिम बाजू भरलेली दिसते. म्हणजे नेमका तोच नमुना, जो खऱ्या सरकणाऱ्या बेटातही दिसतो. म्हणून बेट सरकलंय असं लिहिण्याआधी स्थिर खुणा पुन्हा तपासा. बेटासोबत प्रवाळाचे गोळेही त्याच दिशेने सरकलेले दिसले, तर सरकलंय ते चित्र.

तुलना आणि आकाराचं वाचन

जुना आणि नवा बहुभुज एकमेकांवर ठेवा. क्यूजीआयएसच्या ‘डिफरन्स’ साधनाने जुन्यातून नवा वजा केला की झीज मिळते, नव्यातून जुना वजा केला की भर. समजा २.४ हेक्टरच्या बेटात झीज ०.३० हेक्टर आणि भर ०.३५. निव्वळ वाढ ०.०५, म्हणजे दोनेक टक्के, कागदावर ‘स्थिर’. प्रत्यक्षात बेटाचा आठवा हिस्सा गेला आणि तेवढाच नवा दुसरीकडे आला. घर त्या आठव्या हिश्श्यात असेल तर ‘स्थिर’ या शब्दाला अर्थ नाही. म्हणून झीज, भर आणि निव्वळ असे तिन्ही आकडे द्या, शिवाय बेटाचा मध्यबिंदू कुठे आणि किती सरकला तेही.

किनाऱ्याच्या सरकण्याचा वेग काढायला यूएसजीएसचं डीएसएएस हे सॉफ्टवेअर वापरतात, त्याची सहावी आवृत्ती स्वतंत्रपणे चालते. दर १० मीटरला किनाऱ्याला काटकोनात आडव्या रेषा टाकल्या जातात आणि प्रत्येकीवर सरक मोजली जाते. पाच किंवा अधिक तारखा असतील तर समाश्रयण रेषेवरून, म्हणजे सगळ्या तारखांच्या बिंदूंना सर्वांत जवळून जाणाऱ्या सरळ रेषेवरून, आलेला दर वापरा, फक्त पहिल्या-शेवटच्या तारखेचा नको. बेटाच्या निमुळत्या टोकांना या आडव्या रेषा एकमेकींना छेदतात आणि भलतेच आकडे देतात. टोकांसाठी क्षेत्रफळच मोजा.

आता नकाशा समोर ठेवून वाचा. समुद्राकडची कड मागे आणि लगूनकडची कड पुढे असेल, तर लाटा बेटावरून पलीकडे वाळू फेकतायत, आणि बेट सरकता सरकता उंचही होत असेल. दोन्ही टोकं लांबून मधला भाग बारीक झाला असेल, तर नवी वाळू येत नाहीये, जुनीच किनाऱ्याने वाहतेय. पुळणीपासून दूर पाण्यात फळ्यांसारखे सरळ, काळसर पट्टे दिसले तर तो बीचरॉक, म्हणजे पुळणीतली वाळू चुन्याने घट्ट जोडली जाऊन झालेला थर. तो पुळणीच्या पोटातच बनतो, म्हणून आज तो पाण्यात उघडा पडला असेल तर जुना किनारा तिथे होता. तुमच्या पहिल्या चित्राच्याही आधीचा पुरावा असा फुकट मिळतो, तो नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा.

एखाद्या जागी किनारा अचानक सरळ झाला आणि त्याच्या लगेच पुढे खोल चावा दिसला, तर सरळ भागात भिंत किंवा टेट्रापॉड शोधा. भिंत मागची जमीन धरून ठेवते, पण किनाऱ्याने वाहणाऱ्या वाळूची वाट अडते आणि पुढच्या पट्ट्याला उपाशी ठेवते. जेट्टीच्या एका बाजूला भर आणि दुसऱ्या बाजूला झीज, हेही त्याच कारणाने.

भर दिसली म्हणजे सगळं चांगलंच असं नाही, तसंच प्रत्येक वादळ म्हणजे नुकसान असंही नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबी चक्रीवादळाने प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाच्या फुनाफुती ॲटॉलवर सुमारे १९ किलोमीटर लांब आणि जागोजागी चार मीटरपर्यंत उंच प्रवाळखडीचा बांध एका दणक्यात आणून टाकला. पुढच्या वर्षांत लाटांनी ती खडी किनाऱ्याकडे लोटली आणि बेटांना जोडली. तुवालूच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ मधली मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एकूण जमीन ७३.५ हेक्टरने, म्हणजे २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्राची पातळी त्याच काळात वाढत होती. हा निकाल ‘चिंता नको’ असं सांगत नाही. वरून काढलेल्या चित्रात बेटाची उंची दिसत नाही, विहिरीचं पाणी खारट झालं का ते दिसत नाही, आणि भर आलेल्या जागी घर बांधता येईल का तेही दिसत नाही. तुमच्या अहवालातही या मर्यादा क्षेत्रफळाच्या तक्त्याखालीच लिहा, शेवटच्या पानावर नको.

समुद्रपातळीवाढीला एकट्याला दोष देण्याआधीही थांबा. २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी वाढ वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होती, म्हणजे दहा वर्षांत चार सेंटिमीटरच्या आत. आठास एक उतारावर पाण्याची रेघ तेवढ्याने ३० सेंटिमीटर सरकते. तुमच्या नकाशावर दहा वर्षांत २० मीटर झीज दिसत असेल, तर तिचं तात्कालिक कारण लाटा, वाळूचा पुरवठा किंवा बांधकाम यांत शोधावं लागेल. भित्तीच्या माथ्यावर पाणी खोल झालं की मोठ्या लाटा आत येतात आणि वाळू जास्त हलवतात. पातळीवाढ काम करते ती मुख्यतः या वाटेने, आणि तसं म्हणायचं तर लाटांची माहितीही जोडावी लागते.

नकाशाखाली काय लिहायचं

प्रत्येक किनारारेषेसोबत तारीख, भारतीय वेळ, उपग्रह, पिक्सेल, पाण्याची पातळी, कोणती कड धरली, उंबरठा किती आणि एकूण चूक किती, एवढं तक्त्यात हवंच. स्थिर खुणांची केएमएल फाइल वेगळी ठेवा आणि अहवालासोबत द्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुकडीला पुन्हा खुणा शोधाव्या लागणार नाहीत आणि त्यांची रेघ तुमच्या रेघेशी जुळेल. जोडणीत किंवा प्रक्षेपणात अडलात तर दक्षिण अंबाझरी रोडवर, व्हीएनआयटीच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे आणि अमरावती रोडला इस्रोचं मध्य विभागीय सुदूर संवेदन केंद्र. विभागप्रमुखांच्या पत्रासह जा, आणि जाताना प्रश्न, चित्राची तारीख व प्रकल्पाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा.